पंधरा मिनिटं

नाकाला चिमटा. ओठ नळीभोवती घट्ट.
"घ्या आत, भरून घ्या, अजून... आता फुंका!
फुंका फुंका फुंका, सोडू नका काका,
एक मेणबत्ती नाही, अख्खी आरास विझवायचीय!"
दिवसातून तीसदा ओरडते मी हे.
भिंतीपलीकडच्या एक्स-रेवाल्याला पाठ झालंय.

पडद्यावर रेघ चढली
आणि उतरताना पोटात खचली
दोरीवरच्या ओल्या धोतरासारखी.

गजानन खिरवडकर, वय अठ्ठावन्न,
रामबागेत चक्की.
(पुण्याची नणंद गिरणी म्हणते,
आमच्या इंदुरी चक्कीला हसते. हसू दे.)
एकतीस वर्षं गहू, बेसन, सणासुदीला भाजणी.
आंघोळ करून आलेत,
तरी भुवयांत पीठ.

निळ्या पंपाचे चार झोत दिले.
आता पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा फुंकायचं.
खिडकीखालून कचरागाडी तिचं गाणं वाजवत गेली.

"रविवारी बरा असतो," काका म्हणाले.
"सोमवारी दुपारपासून छाती वाजते,
भाता फाटलेल्या पेटीसारखी.
रात्री तीनला तर उठूनच बसतो."

पीठ विष नाही, काका.
कुठल्याशा वर्षी, कोण जाणे कुठल्या,
शरीरानं गव्हाचं नाव चुकीच्या वहीत लिहिलं.
तेव्हापासून तिकडे दाणा फुटला
की इकडे पेशी फुटतात,
हिस्टामिन सांडतं, अस्तर सुजतं, कफ चिकटतो,
आणि नळीभोवतीचा स्नायू
नाडी ओढलेल्या बटव्यासारखा आवळतो.
मग काही तासांनी दुसरी तुकडी पोचते.
लढाई नव्हतीच,
हे तिला कुणी कळवलेलं नसतं.

"मग हा निळा?"
निळा नाडी सैल करतो. सूज त्याच्या हाती नाही.
तो दुसरा दिला होता ना, नारिंगी?

काका पंख्याकडे बघत राहिले.
"देवघरात आहे."
देवघरात?
"चार महिने झाले. सील तसंच.
शेजारचा शेववाला म्हणाला, भिया, त्यात स्टेरॉइड असतं,
एकदा लागलं की सुटत नाही."
उदबत्तीच्या बाजूला ठेवलाय?
"हो."
मी हसले नाही.
थोडी हसले.

ह्या शब्दाला आमच्या गावात
आखाड्यातली फुगलेली मान आहे,
कुणाच्या तरी मावशीचा सुजलेला चेहरा आहे.
त्याच्याशी भांडायला माझ्याकडे सात मिनिटं उरली होती.
म्हटलं, गोळी म्हणजे एका रोपासाठी घरभर पाणी सोडणं,
पंप म्हणजे फक्त त्या कुंडीत चार थेंब.
सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं तरी.
नंतर खळखळून चूळ,
नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरेल.
पहिले काही दिवस काहीच झाल्यासारखं वाटणार नाही,
सूज आली तेव्हा तरी कुठे सांगून आली होती?

"देवासमोरून उचलू मग?"
उचला. नमस्कार करून उचला.

पुन्हा चिमटा. पुन्हा माझा आरडाओरडा.
रेघेचं पोट भरून आलं,
तीनशे ऐंशी मिली जास्त.
म्हणजे नळ्या अजून ऐकतात.
एवढ्यावर मी दिवस काढू शकते.

"आणि चक्की?"
ह्याला माझ्या मशीनवर बटण नाही.
मास्क लावा म्हटलं, झाडू नका, ओल्यानं पुसा,
जाळीबाहेर फेकणारा पंखा बसवा,
आणि खरं सांगायचं तर
तुम्ही तिथे नसणंच उत्तम, डॉक्टरही हेच म्हणतील.

"तेच ठरवलंय," काका उठत म्हणाले,
"आता ही बसेल."

दाराशी त्या उभ्या होत्या, फाइल छातीशी धरून.
कुंकवाच्या कडेला बारीक पांढरं.
काही विचारायच्या आधी
एकदा खोकल्या,
पदर तोंडाशी नेऊन, कुणाला त्रास नको अशा बेतानं.

मी खोक्यातून
कोरी नळी काढली.